जोसेफिन : द डॅझलिंग लाइफ ऑफ जोसेफिन बेकर

अमेरिकी बालचित्रपुस्तक. मजकूर पॅट्रिशिया ह्रूबी पॉवेल यांचा, चित्रे ख्रिश्चन रॉबिन्सन यांची. प्रकाशक क्रॉनिकल बुक्स, सॅन फ्रान्सिस्को (२०१४); पृष्ठे १०४. नर्तकी-गायिका जोसेफिन बेकर (१९०६–७५) हिचे मुक्तछंदातील चरित्र. चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांत आटोपतात. त्या मानाने हे बरेच दीर्घ आहे.

कथानक : सेंट लुइसमधील गरिबी, १९१७ ची ईस्ट सेंट लुइसची वंशदंगल, फिरत्या नाटकमंडळीतली उमेदवारी, पॅरिस, दुसऱ्या महायुद्धातील हेरगिरी, दत्तक घेतलेली बारा मुले आणि १९७५ मधील अखेरचा पॅरिस-प्रयोग.

नृत्य व मांडणी : पुस्तकाचे सहा भाग रंगमंचावरील अंकांसारखे उलगडतात. लेखिका स्वतः व्यावसायिक नर्तकी होती आणि तिच्या ओळींत ते जाणवते. जॅझमध्ये जोर अपेक्षित मात्रेवर न पडता अनेकदा तिच्या अलीकडे-पलीकडे पडतो. येथे तुटक ओळी आणि मध्येच मोठ्या अक्षरांत छापलेले शब्द तेच काम करतात. त्यामुळे मजकूर मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचावा, हे उत्तम. जोसेफिनने गाजवलेल्या चार्ल्स्टन नृत्यात गुडघे व पावले आत-बाहेर वळतात आणि हात पायांच्या उलट झुलतात. स्थिर चित्रात ही लय पकडणे अवघड. रॉबिन्सन यांनी स्नायू, सावल्या वगैरे तपशील गाळून सपाट अॅक्रिलिक रंगांत लांबच लांब हातपाय रंगवले आणि कोपर-गुडघ्यांच्या कोनांवर सारा भार टाकला. तरुण समूहनर्तकी असताना रांगेच्या टोकाला उभी राहून डोळे तिरळे करत जोसेफिन प्रेक्षकांना हसवी. हा विनोदही चित्रांत उतरला आहे. गोड, गोंडस चेहऱ्यांची सवय झालेल्या बालचित्रकलेत तपशील गाळण्याचा हा संयम विशेष उल्लेखनीय होय.

जोसेफिनला पॅरिसमध्ये गाजवणाऱ्या ‘ला रव्ह्यू नेग्र’ या नृत्य-संगीताच्या कार्यक्रमाचा पहिला खेळ २ ऑक्टोबर १९२५ रोजी शाँझेलिझे थिएटरात झाला. क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे त्याच संचात होते. पुढे फोली बेर्जेर या पॅरिसच्या नाट्यगृहात गाजलेल्या तिच्या केळ्यांच्या घागऱ्याकडे काही अभ्यासक वसाहतवादी नजरेचे लक्षण म्हणून पाहतात, तर काही त्यात त्या नजरेचीच थट्टा पाहतात. बालवाङ्मयाच्या नोंदीत त्याचा ऊहापोह अप्रस्तुत.

हेरगिरी : महायुद्धात बेकर स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेले संदेश नेई.

सन्मान : २०१५ मध्ये माहितीपर बालपुस्तकांसाठीचा सायबर्ट ऑनर आणि चित्रांसाठी कोरेटा स्कॉट किंग ऑनर. या दुसऱ्या सन्मानात त्या वर्षी ‘लिटल मेल्बा अँड हर बिग ट्रॉम्बोन’ हे जॅझवादक मेल्बा लिस्टनवरील पुस्तकही होते, तर मुख्य पुरस्कार ‘फायरबर्ड’ या बॅलेविषयक पुस्तकाच्या चित्रांना मिळाला. म्हणजे तिन्ही चित्रकारांचा विषय रंगमंचच.

बेकरला पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात स्थान मिळाले ते ३० नोव्हेंबर २०२१ रोजी; अर्थात ती घटना पुस्तकात नाही.

पॉवेल यांचे नंतरचे पुस्तक : ‘लव्हिंग व्हर्सेस व्हर्जिनिया’ (२०१७).