नांगरानंतरची फुले

अमेरिकेच्या इलिनॉय, विस्कॉन्सिन, आयोवा या राज्यांत अंगणातले हिरवेगार लॉन उपटून त्या जागी प्रेअरीची, म्हणजे तिथल्या मूळच्या गवताळ माळाची, रानफुले पेरण्याची पद्धत गेल्या पन्नास वर्षांत चांगलीच रुजली आहे. जांभळे कोनफ्लॉवर, काळ्या बोंडाची पिवळी रुडबेकिया, नारिंगी बटरफ्लाय मिल्कवीड, सोबत उंच वाढणारे गवत. जागा भर उन्हाची हवी. खत नको, आणि एकदा जम बसला की पाणीही नको. रोपवाटिकांच्या जाहिरातींत याला निसर्गाकडे परतणे म्हणतात. या बागेचा इतिहास पाहिला की ते पटेनासे होते. ही बाग म्हणजे विसाव्या शतकात, मुख्यतः विद्यापीठांच्या आणि वनस्पती-उद्यानांच्या पडीक जमिनींवर, चुकतमाकत बसवलेली एक शेती आहे. दुष्काळ सोसण्याचा तिचा लौकिक खराच, पण पहिली दोन-तीन वर्षे पिकासारखी राखण झाल्याशिवाय तो तिच्या अंगी येत नाही.

ही शेती नव्याने शिकावी लागली, कारण जुनी प्रेअरी शिल्लकच राहिली नव्हती. हजारो वर्षांच्या मुळांनी विणलेली तिथली काळी, चिकट माती ओतीव लोखंडाच्या नांगराला धरून बसे आणि दर काही पावलांवर ती खरवडून काढावी लागे. १८३७ साली इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर गावी जॉन डीअर या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि ही अडचण संपली. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पुढे मिसिसिपीपलीकडच्या माळावर कुटुंबागणिक १६० एकर जमीन वाटायला सुरुवात केली. इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १९७८ साली पूर्ण झालेल्या राज्यव्यापी पाहणीत चांगल्या स्थितीतली अडीच हजार एकरही भरली नाही. जी उरली ती नांगर न फिरलेल्या कोपऱ्यांत: रेल्वेरुळांच्या कडेच्या पट्ट्यांत आणि पहिल्या वसाहतकारांनी कुंपण घातलेल्या दफनभूमींत. साठच्या दशकापासून रॉबर्ट बेट्झ हे जीवशास्त्राचे प्राध्यापक अशा दफनभूमी शोधत हिंडले. आज त्या भागात जे देशी बियाणे वापरात आहे, त्यातल्या बऱ्याचशा बियाण्याचे कूळ या तुकड्यांपर्यंत पोचते.

या वनस्पती पाण्यावाचून कशा तगतात, हे फुलांकडे पाहणाऱ्यांना कळले नाही. जमीन खणणाऱ्याला कळले. नेब्रास्का विद्यापीठातले जॉन वीव्हर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास झाडाशेजारी खोल चर खणून, टोकदार हत्याराने माती हलकेच उकरून, मुळे जशीच्या तशी उघडी केली आणि त्यांची चित्रे काढली. वर हात-दोन हात दिसणाऱ्या झाडाचे मूळ खाली सात, दहा, क्वचित पंधरा फुटांपर्यंत गेलेले आढळे. एका पातळीवरून पाणी ओढणारे गवत आणि त्याहून खोल जाणारी फुलझाडे असे मजले जमिनीखाली होते. पुढे १९३४चा भीषण दुष्काळ आला आणि या निरीक्षणांची परीक्षा झाली. मला वीव्हर यांचे महत्त्व वाटते ते इथे, कारण त्यांनी प्रेअरीची भलामण केली नाही. लिटल ब्लूस्टेम हे उथळ मुळांचे गवत मोठ्या प्रमाणावर मेल्याचे त्यांनी नोंदवले. खोल मुळांच्या फुलझाडांनी तुलनेने तग धरला. म्हणजे ‘देशी’ असणे हे दुष्काळाविरुद्धचे कवच नव्हते. खोली हे कवच होते, आणि खोली मिळवायला वर्षे लागतात. पहिल्या उन्हाळ्यातले कोवळे रोप, मग ते कितीही अस्सल प्रेअरीचे असो, चार बोटे मुळावर उभे असते आणि पाण्याची एक पाळी चुकली तरी वाळते.

त्याच दशकात विस्कॉन्सिनमध्ये पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. मॅडिसनच्या विद्यापीठाने १९३४ साली आपले वनस्पती-उद्यान लोकार्पण केले तेव्हा तिथले प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी मांडलेला विचार असा होता की इथे केवळ झाडांचा संग्रह नको, या मुलखाचे मूळ रूप पुन्हा उभे करून पाहावे. जागा होती मक्याचे जुने शेत, नंतर घोड्यांचे कुरण झालेले. मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतले तरुण १९३५पासून तिथे राबले. दूरदूरच्या माळांवरून गवताची ढेकळे मुळांसकट आणली, बी फेकले, रोपे लावली. थिओडोर स्पेरी यांनी त्या लावणीच्या नोंदी ठेवल्या. तरीही युरोपातून आलेले ब्लूग्रास हटेना. त्यावरचा उपाय वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस आणि सहकाऱ्यांनी चाळीसच्या दशकात जाळून पाहिलेल्या वाफ्यांत सापडला: वेळ साधून आग लावली तर ब्लूग्रास मागे हटते आणि प्रेअरीची झाडे जोमाने वर येतात. आज त्या जागेला कर्टिस यांचेच नाव आहे. १९६२ साली शिकागोजवळच्या मॉर्टन वनस्पती-उद्यानात रे शुलेनबर्ग यांनी आणखी कष्टाची वाट धरली. आसपासच्या तुकड्यांतून बी गोळा करायचे, काचघरात रोपे वाढवायची, हाताने लावायची आणि हातानेच खुरपायची. भातलावणी माहीत असलेल्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही. बेट्झ यांनी १९७५पासून फर्मिलॅब या भौतिकी प्रयोगशाळेच्या वर्तुळाकार प्रवेगकाच्या आतल्या जमिनीवर हेच काम चक्क शेतीची यंत्रे वापरून केले.

बियाण्याचे तंत्रही असेच हळूहळू बसले. बहुतेक प्रेअरी फुलांचे बी ओल्या थंडीतून गेल्याशिवाय जागे होत नाही. म्हणून एक तर ते हिवाळ्यापूर्वी पेरायचे, नाहीतर ओलसर वाळूत मिसळून महिना-दोन महिने फ्रिजमध्ये ठेवायचे. शेंगवर्गीय बियांचे कवच सँडपेपरवर घासावे लागते. पेरणीआधी जमीन तणमुक्त करण्यात एक अख्खा हंगाम जातो. पहिल्या वर्षी सगळा वाफा वारंवार सहा इंचांवर कापायचा, म्हणजे तणाला बी धरता येत नाही आणि बुटक्या रोपांना ऊन मिळते. फुले दिसायला दुसरे, बरेचदा तिसरे वर्ष उजाडते. इथे कोणी विचारेल की हजारो वर्षे हे बी कोणाच्या मदतीशिवाय उगवत होतेच ना? उगवत होते, पण जुन्या, दाट विणलेल्या माळात नवे रोप तगणे हा अपवाद होता. बहुतेक झाडे दीर्घायुषी, मुळांनी आणि कंदांनी टिकून राहणारी होती. नांगरलेल्या, तणांच्या बियांनी भरलेल्या परसात त्या अपवादाचाच नियम करायचा असतो. त्यासाठी माणूस लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही प्रेअरी फुले विनासायास येतात, हे मान्यच करावे लागेल. टॉमस ड्रमंड या स्कॉटिश संग्राहकाने १८३०च्या दशकात टेक्सासमधून पाठवलेल्या बियांतून आलेला फ्लॉक्स ब्रिटनच्या बागांत लगेच पसरला. मराठी वाचकाला तर पुरावा बाहेर शोधायलाही नको: हार-तोरणांतला पिवळा-तांबडा गलांडा हा त्याच अमेरिकी माळांचा पाहुणा, आणि पुणे-नगरकडचे शेतकरी हलक्या जमिनीत, थोड्या पाण्यावर त्याचे पीक घेतात. मग तीन वर्षांच्या राखणीचा बाऊ कशाला? फरक आयुर्मानाचा आहे. फ्लॉक्स आणि आपल्याकडचा गलांडा ही मुख्यतः हंगामी झाडे. ती चटकन उगवतात, फुलतात, बी सोडून मोकळी होतात आणि वाईट दिवस बियांच्या रूपात काढतात. ती दुष्काळ चुकवतात. खोल मुळांची बहुवर्षायू झाडे तो सोसतात. ऐंशीच्या दशकात डब्यात भरून विकल्या गेलेल्या रानफुलांच्या मिश्रणांनी नेमकी हीच गल्लत केली. त्यांत हंगामी फुलांचा भरणा असे. पहिल्या वर्षी रंगांची लयलूट, आणि पुढे तणांचे राज्य. दोष ग्राहकाच्या माथी मारला गेला, पण खरा दोष डब्यावरच्या चित्राचा होता.

प्रेअरी हीच मुळात माणसाचा हात न लागलेली भूमी होती, म्हणून तिची शेती म्हणणे हा तिचा अपमान, असेही कोणी म्हणेल. पण ती तशी नव्हती. इलिनॉयमध्ये झाडे वाढण्याइतका पाऊस पडतो. तिथे माळ टिकला त्यात विजेने लागलेल्या आगींचा वाटा असेल, पण शिकारीसाठी आणि कोवळ्या चाऱ्यासाठी पोटावाटोमी, हो-चंक आदी लोक मुद्दाम माळ पेटवत, याचा वाटा मोठा होता. १८३३च्या शिकागो तहानंतर त्यांना मिसिसिपीपलीकडे रेटण्यात आले, वसाहतकारांनी वणवे विझवले, आणि काही दशकांत मोकळ्या ओकराया दाट होत गेल्या. कर्टिस यांच्या प्रयोगातली आग म्हणजे शोध कमी आणि परत केलेली उसनवारी जास्त. ती परत करताना मूळ धनकोचे नाव मात्र बराच काळ कोणी घेतले नाही.

अंगणातल्या बागेला या इतिहासाची झळ लागते ती शेजाऱ्यांमार्फत. गवताच्या उंचीवर मर्यादा घालणारे नगरपालिकांचे तणविरोधी नियम कित्येक गावांत होते, आणि उंच वाढलेली प्रेअरी त्यांच्या लेखी निव्वळ हयगय होती. डीडीटीविरोधी चळवळीत उतरलेल्या लॉरी ओटो यांनी मिलवॉकीच्या उपनगरातून याविरुद्ध वाद घातला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या प्रेरणेने ‘वाइल्ड वन्स’ ही संस्था उभी राहिली. जाणकार बागवान तेव्हापासून वाफ्याच्या कडेने कापलेल्या गवताचा पट्टा राखतात, म्हणजे पाहणाऱ्याला हेतू कळतो. मॅडिसनने तर अशा बागांसाठी परवान्याची सोय केली, आणि अर्जासोबत मागितले ते काय लावणार आणि त्याची निगा कशी राखणार याचा लेखी आराखडा.