रणगाड्यांचे गोत्र

पैठणीच्या पदराकडे नुसतं पाहून तिचं वय सांगणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत. आंब्याच्या देठापाशी नाक नेऊन ‘देवगड’ की ‘रत्नागिरी’ हे छातीठोक सांगणारे गृहस्थही दर आळीत एखादे असतातच. (खरं-खोटं करता येत नाही, कारण तोवर आंबा संपलेला असतो.) आमच्या भाच्याला, श्रीकांतला, रणगाडे ओळखता येतात. जुन्या फोटोच्या कोपऱ्यात चार चाकं आणि अर्धी नळी दिसली, की हा त्या गाडीचं नाव, गाव, जन्मसाल आणि इंजिन सांगून मोकळा होतो.

तुम्हाआम्हाला रणगाडा म्हणजे पट्ट्यांवर चालणारी, पुढे सोंड असलेली लोखंडी गाडी. संसाराला एवढं पुरतं. पण या गाड्यांची कुळी एकदा ऐकाच. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा शर्मन घ्या. हे गाडे बनले सुमारे 49,000. एवढ्या गाड्यांना एका जातीची इंजिनं कुठून पुरणार? मग ज्या कारखान्याकडे जे होतं ते बसवलं. कुणाला विमानाचं इंजिन, कुणाला डिझेलची जोडी, कुणाला फोर्डचं पेट्रोलचं. क्रायस्लरवाल्यांनी तर कमाल केली. मोटारीची पाच इंजिनं एकत्र जुंपून तीस सिलिंडरांचं एकच इंजिन केलं. (आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीची चार सिलिंडरं सकाळी एकमताने चालू होत नाहीत.)

मूळ गाडी एम-4. तिची भावंडं ए-1, ए-2, ए-3 अशी. आता आकडा वाढला म्हणजे माल सुधारला, असं आपण स्कूटरवरून धरून चालतो. इथे तसं काही नाही. ही सगळी एकाच वेळी वाढणारी सख्खी भावंडं. त्यातही ए-1 चं उत्पादन सुरू झालं फेब्रुवारी 1942 मध्ये आणि थोरल्या एम-4 चं जुलैमध्ये! धाकटा आधी, थोरला मागाहून. ए-5 हा आकडा कॅनडाच्या ‘रॅम’ नावाच्या निराळ्याच गाड्यासाठी राखून ठेवलेला. म्हणजे नाव आपल्या कुळाचं आणि मुलगा शेजाऱ्यांचा. ए-6 अवघे 75 बनले. एवढ्यावर भागलं नाही म्हणून ब्रिटिशांनी साऱ्यांचं पुन्हा बारसं केलं. एम-4 म्हणजे शर्मन एक, ए-4 म्हणजे शर्मन पाच. ब्रिटिशांची लांब नळीची सतरा पौंडी तोफ बसवली, की पुढे ‘सी’.

ओळखायचं कसं? श्रीकांत म्हणतो, सोपं आहे. ए-1 चा सांगाडा ओतीव, म्हणून त्याचे कोपरे आठवडाभर वापरलेल्या साबणासारखे गोल. बाकीचे बहुतेक पत्रे जोडून केलेले, नव्या वडीसारखे कंगोरेदार. आणि ए-4 च्या पोटात ती पाच इंजिनं मावायची म्हणून सांगाडा इंचांनी अकरा वाढवलेला. त्यामुळे त्याच्या चाकांच्या जोड्यांमध्ये फट जास्त. फट दिसली की ए-4.

नगरला (आताच्या अहिल्यानगरला) 1994 सालापासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. चिलखती दलाचं शिक्षण तिथेच होतं. श्रीकांत आम्हाला तिकडे घेऊन गेला. रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार पाहून झाली, पॅटन पाहून झाला. ऊन रणरणत होतं आणि भाचा चाकं मोजत होता. तेव्हा त्याची मामी म्हणाली, “अरे, पण लढाईत समोरचा थांबतो का चाकं मोजू द्यायला?”

प्रश्न बिनतोड होता. तो थांबत नाही, तिथेच सगळी गोम आहे.

जून 1944 मध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्या, तेव्हा त्यांच्या मनात जर्मनांच्या ‘टायगर’ची धास्ती होती. 57 टनांचं धूड, 88 मिलिमीटरची तोफ. पण टायगर सगळ्या युद्धात मिळून बनले साधारण 1,350, आणि नॉर्मंडीत होते त्यातले मूठभर. तरी ज्याला त्याला टायगरच दिसे! बहुतेक वेळा ते असत साधे ‘पँझर-चार’. रशियन बंदुकांपासून बचाव म्हणून जर्मनांनी त्यांच्या बुरुजाभोवती आणि कडेला जादा पत्रे लावले होते, त्यामुळे ते लांबून चौकोनी आणि थोराड दिसत. खालची चाकं पाहिली असती तर उलगडा झाला असता. टायगरची मोठी, एकमेकांवर चढलेली. पँझर-चारची आठ लहान, सुटी सुटी. पण झुडपाआडून नळी रोखलेली असताना खाली बघण्याचं धैर्य कुणाला? घाबरलेला डोळा नळीपाशीच अडकतो.

हे जर्मनांनाही लागू होतं. ब्रिटिशांचा लांब नळीवाला शर्मन, ज्याला सैनिक ‘फायरफ्लाय’ म्हणजे काजवा म्हणत, तो टायगरला भोक पाडू शके. चार गाड्यांच्या तुकडीत असा साधारण एक. मग जर्मन तोफांनी आधी कुणाला टिपावं? अर्थातच लांब नळीवाल्याला. म्हणून काजव्यावरच्या माणसांनी रंगाचा डबा काढला आणि नळीच्या पुढच्या अर्ध्या भागाची खालची बाजू फिक्या रंगाने रंगवली. लांबून तो तुकडा आभाळात विरून जावा आणि बाकीच्या तिघांसारखीच आखूड नळी दिसावी. पोरं विशी-पंचविशीची. चारचौघांत उठून दिसायचं वय, आणि दिसू नये म्हणून धडपड.

आपल्याकडे 1971 साली अडचण बरोबर उलटी आली. भारताकडे रशियन बनावटीचे टी-54 आणि टी-55. पाकिस्तानकडे टाइप-59, जो चीनने टी-54 वरूनच बनवलेला. म्हणजे जुळेच. बुरूज तोच, पाचच चाकं, पहिल्या-दुसऱ्या चाकांतली मोठी फटही तीच. टी-55 च्या बुरुजावर हवा खेळवण्याची ती भुईछत्रीसारखी टोपी नसते, एवढाच काय तो फरक. आणि टी-54 वर तीही असते. छांबच्या धुळीत हे बघणार कोण? शत्रूची गोळी परवडली, आपलीच लागली तर काय?

रेल्वेने जाताना आपण सामानातल्या चारचौघांसारख्या बॅगेला लाल नाडी बांधतो ना? तसंच केलं. तोफ उडाल्यावर नळीतला धूर ओढून घेणारा एक फुगवटा असतो. या गाड्यांना तो नळीच्या टोकाशी. आपल्या लोकांनी नळीच्या मध्यावर आणखी एक फुगवटा चढवला, निव्वळ खोटा. धुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. धुळीतून येणाऱ्या गाड्याच्या नळीला मधोमध तो दिसला, की समोरचा गोलंदाज बोट आवरणार.