संशोधन शिकवतात कसं? स्ट्रासबर्ग ते कोल्हापूर

पीएचडीला नाव नोंदवलं की आधी कोर्सवर्क पूर्ण करावं लागतं. यूजीसीने ते २००९ च्या नियमावलीत सक्तीचं केलं आणि २०२२ च्या नियमावलीत किमान १२ क्रेडिट्स ठरवून दिले. तुमच्यापैकी जे नेट, सेट, पेट यांच्या मागे आहेत त्यांना ही आकडेवारी पाठ असेल. पण संशोधन करायला 'शिकवायचं' म्हणजे नक्की काय करायचं, हा प्रश्न क्रेडिट्सच्या बराच आधीचा आहे. आज तो एकाच विषयाच्या इतिहासातून बघू, इंग्रजी भाषाविज्ञानाच्या.

हाच विषय का, तर यात एक गाठ आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीच्या व्याकरणावर प्रबंध लिहिणार म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, "इंग्रजी तुझी मातृभाषा नाही, मग तू त्यांच्या भाषेबद्दल त्यांना काय सांगणार?" मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करून इकडे वळले, त्यामुळे माझ्या वाट्याला हा प्रश्न दुप्पट आला. त्याचं उत्तर वादावादीत सापडत नाही. संशोधकांना कोणत्या कामावर बसवून तयार केलं गेलं, ते पाहिलं की सापडतं.

सुरुवात इंग्लंडमध्ये नाही, जर्मनीत झाली. तिथल्या विद्यापीठांत 'सेमिनार' ही पद्धत अठराव्या शतकापासून रुजलेली होती. ग्रीक-लॅटिनचा प्राध्यापक आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन बसायचा आणि एखाद्या जुन्या हस्तलिखितातल्या ओळीवर प्रत्येकाकडून स्वतंत्र काम करून घ्यायचा. सेमिनार या शब्दाचा मूळ अर्थच रोपवाटिका. एकोणिसाव्या शतकात हीच पद्धत इंग्रजीला लावली गेली. १८७० च्या दशकात स्ट्रासबर्गला बर्नहार्ड टेन ब्रिंक इंग्रजीचा प्राध्यापक झाला. 'आंग्लिया' आणि 'एंग्लिशे श्टुडिएन' ही इंग्रजीच्या अभ्यासाची नियतकालिकंही त्याच दशकात जर्मनीत निघाली. ऑक्सफर्डमध्ये तेव्हा इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रमही नव्हता. तो १८९४ मध्ये आला. हेन्री स्वीट हा इंग्लंडचा त्या काळातला मोठा ध्वनिशास्त्रज्ञ. तोही तरुणपणी हायडेलबर्गला जाऊन शिकला होता आणि ऑक्सफर्डने त्याला प्राध्यापकपद शेवटपर्यंत दिलं नाही. ऑक्सफर्डने डॉक्टरेट सुरू केली ती १९१७ मध्ये, आणि त्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. अमेरिकन विद्यार्थी पदवीसाठी जर्मनीला जायचे, त्यांना आपल्याकडे वळवायचं होतं.

म्हणजे इंग्रजीवरच्या संशोधनाची पहिली शिस्तशीर तालीम ज्यांनी दिली आणि घेतली, त्यांतल्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. वरचा प्रश्न विचारणाऱ्याला एवढं सांगून गप्प करता येतं. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण ते लोक जुनी इंग्रजी हाताळत होते, आणि जुन्या इंग्रजीचा मातृभाषक कुणीच शिल्लक नव्हता. तिथे सगळेच परके. खरी अडचण आजच्या इंग्रजीची आहे.

इंग्लंडमध्ये तालीम मिळाली ती वेगळ्या ठिकाणी: चिठ्ठ्यांच्या ढिगात. ज्याला आपण आज ऑक्सफर्ड डिक्शनरी म्हणतो तिची कल्पना १८५७-५८ मध्ये फिलॉलॉजिकल सोसायटीत निघाली आणि पहिली आवृत्ती पुरी झाली १९२८ मध्ये. हजारो वाचकांनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, पुस्तक आणि साल. संपादकाच्या टेबलावर बसलेल्या माणसाने त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे, अर्थ वेगळे करायचे आणि व्याख्या लिहायची. पहिल्या महायुद्धातून परतलेला एक तरुण १९१९-२० मध्ये तिथे नोकरीला होता आणि त्याच्याकडे 'डब्ल्यू' अक्षरातले काही शब्द होते. 'वॉलरस'च्या व्युत्पत्तीने त्याला इतकं छळलं की त्याने ती पुन्हा पुन्हा लिहिली. पुढे त्यानेच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिलं. टॉल्किनने पीएचडी कधीच केली नाही, पण त्या दोन वर्षांत जेवढं शिकलो तेवढं आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच तेवढ्या काळात शिकलो नाही, अशा अर्थाचं त्याने नंतर म्हटलं आहे.

या कामात शिकण्यासारखं काय आहे? चिठ्ठीवर तुमचं मत लिहायला जागाच नसते. आधी पुरावा, मग गठ्ठा, मग व्याख्या, आणि व्याख्येत न बसणारी चिठ्ठी निघाली तर व्याख्या बदलायची, चिठ्ठी फेकायची नाही. आमच्याकडे एमएस्सीला आउटलायर काढून टाकण्याची घाई असते, म्हणून हे मला विशेष वाटतं.

दुसरी तालीम कानांची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डॅनियल जोन्सने ध्वनिशास्त्राचा विभाग उभा केला. तिथला ठरलेला व्यायाम म्हणजे निरर्थक शब्दांचं श्रुतलेखन. शिक्षक कुठल्याही भाषेत नसलेला शब्द उच्चारणार, विद्यार्थ्याने तो ध्वनिलिपीत लिहायचा. निरर्थक का? अर्थ कळला की आपण ऐकलेलं लिहीत नाही, अपेक्षित असलेलं लिहितो. मराठी कानाला इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन्ही 'व' वाटतात. शब्द ओळखीचा असला की स्पेलिंग आठवून आपण बरोबर उत्तर देतो आणि कान जसाच्या तसा राहतो.

आता मुख्य भागाकडे. १९५९ मध्ये रँडॉल्फ क्वर्क याने 'सर्व्हे ऑफ इंग्लिश युसेज' हा प्रकल्प सुरू केला, आधी डरहॅमला आणि लगेच लंडनला. प्रत्येकी ५,००० शब्दांचे २०० मजकूर, एकूण १० लाख शब्द, निम्मे बोललेले आणि निम्मे लिहिलेले. संगणक नव्हता. सगळं पुन्हा चिठ्ठ्यांवर, व्याकरणाच्या खुणा हाताने केलेल्या. बोललेली इंग्रजी टेपवरून उतरवून तिचे चढउतार आणि थांबे नोंदवायचे. या खोलीत काम केलेल्यांची नावं बघा: डेव्हिड क्रिस्टल, यान स्वार्टविक, सिडनी ग्रीनबॉम. त्याच कॉलेजात जेफ्री लीच होता. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या चौघांनी मिळून १९७२ मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये इंग्रजीचं जे मोठं व्याकरण लिहिलं, ते आजही प्रत्येक विभागाच्या ग्रंथालयात असतं. स्वार्टविक स्वीडिश. टेप उतरवणारा सहायक आणि ग्रंथावर नाव असलेला सहलेखक यांच्यात तिथे भिंत नव्हती, हे मला या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. (आपल्याकडे किती ठिकाणी आहे, ते तुम्हीच मोजा.)

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी विज्ञानातून येणाऱ्यांना लगेच पटेल. एखादं वाक्य बरोबर आहे का, असं थेट विचारलं की लोक शाळेत शिकलेलं उत्तर देतात. म्हणून क्वर्क आणि स्वार्टविक वाक्य द्यायचे आणि भलतंच काम सांगायचे, समजा त्याचा प्रश्न करा. ते करताना माणूस नकळत वाक्यातली खटकणारी जागा दुरुस्त करून टाकतो. मोजायची ती दुरुस्ती. ग्रीनबॉमने 'आय बॅडली...' एवढंच देऊन वाक्य पुरं करायला सांगितलं, तर लोक 'नीड' किंवा 'वाँट'कडे गेले, 'आय एन्टायरली...' दिल्यावर 'अग्री'कडे. हा प्रयोग कागद-पेन्सिलीवर तुमच्या कॉलेजात उद्या करता येईल.

त्याच काळात अमेरिकेत वारं उलट दिशेने वाहत होतं. चॉम्स्कीचं पहिलं पुस्तक १९५७ मध्ये आलं आणि एमआयटीमध्ये भाषाविज्ञानाची पीएचडी १९६१ मध्ये सुरू झाली. तिथली तालीम म्हणजे विचारांची तालीम: नियम मांडा, तो मोडणारं वाक्य शोधा, नियम सुधारा. वाक्य बरोबर की चूक हे मातृभाषकाची जाण सांगणार. ब्राउन विद्यापीठात नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा तेव्हा १९६१ मध्ये छापलेल्या अमेरिकन मजकुराचा १० लाख शब्दांचा कॉर्पस संगणकावर चढवत होते. फ्रान्सिसनेच सांगितलेली आठवण आहे: रॉबर्ट लीज याने त्याला विचारलं, हे कशाला? वेळ आणि सरकारी पैसा फुकट! तू इंग्रजीचा मातृभाषक आहेस, दहा मिनिटांत वाटेल तितकी उदाहरणं तुझ्या डोक्यातून निघतील.

या वाक्यावर जरा थांबा. फ्रान्सिसच्या डोक्यातून निघतील, हे खरं. सांगलीच्या किंवा परभणीच्या विद्यार्थ्याच्या डोक्यातून निघालेल्या उदाहरणांचं काय? या पद्धतीत त्याला इंग्रजीवर बोलायचा अधिकारच नाही. त्याने फार तर कुणा इंग्रजाला विचारावं. चॉम्स्कीच्या बाजूने एवढं म्हटलं पाहिजे की त्याच न्यायाने मराठीवर बोलायचा पहिला अधिकार मराठी माणसाला मिळतो, आणि आपल्याकडच्या अनेकांनी या पद्धतीने आपापल्या भाषांवर उत्तम काम केलं. पण इंग्रजीचं दार त्याने अर्धं लोटून घेतलं. ते पुन्हा उघडलं कॉर्पसने. पुरावा डोक्यात नसून टेबलावर असेल, तर तो वाचणाऱ्याची मातृभाषा कुठली हा प्रश्न मागे पडतो.

ब्राउनला जोड म्हणून ब्रिटिश इंग्रजीचा तसाच कॉर्पस करायचं काम लीचने १९७० मध्ये लँकेस्टरला घेतलं. प्रकाशकांच्या परवानग्यांमध्ये ते अडकलं आणि शेवटी नॉर्वेत, स्टिग योहान्सनच्या हाताखाली ऑस्लोत आणि बर्गेनमध्ये १९७८ मध्ये पुरं झालं. म्हणून नाव लँकेस्टर-ऑस्लो/बर्गेन, म्हणजे एलओबी. आणि या जोडीला तिसरा भिडू मिळाला तो लंडनमधून नाही, न्यूयॉर्कमधूनही नाही. तो मिळाला कोल्हापुरातून.

शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री आणि सहकाऱ्यांनी भारतीय इंग्रजीचा १० लाख शब्दांचा कॉर्पस केला. त्याचं मॅन्युअल १९८६ चं आहे. सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने, ब्राउनसारखेच १५ विभाग. जगभर तो 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणूनच ओळखला जातो. आपल्यापैकी किती जणांना बीए-एमएला याचं नाव कुणी सांगितलं? मला तरी नाही.

यात दोन निर्णय बारकाईने बघा. एक, ब्राउन आणि एलओबी १९६१ च्या मजकुराचे, कोल्हापूर मात्र १९७८ च्या. का, तर भारतीय इंग्रजीचं भारतीयपण दिसायला स्वातंत्र्यानंतर पुरेसा काळ जायला हवा होता. दोन, नमुन्यांचं वाटप जसंच्या तसं उचललेलं नाही. साहसकथा आणि वेस्टर्न या विभागात ब्राउनपेक्षा कमी नमुने आहेत, सर्वसाधारण कथा-कादंबरीत जवळजवळ दुप्पट. साधी गोष्ट आहे, काउबॉयच्या कादंबऱ्या इंग्रजीत लिहिणारे भारतीय लेखक आणायचे कुठून? नमुना समाजासारखा हवा की तुलनेला सोपा हवा, हा पेच सॅम्पलिंगच्या पुस्तकात अर्ध्या पानात संपतो; इथे तो एका विभागाला प्रत्यक्ष सोडवावा लागला.

याची किंमतही आहे. समजा तुम्ही 'शॅल' हे क्रियापद तिन्ही कॉर्पसमध्ये मोजलंत. प्रत्येकी १० लाख शब्द, म्हणजे आकडे सरळ शेजारी ठेवता येतात. कोल्हापूरचा आकडा वेगळा आला, तर तो भारतीयपणामुळे की मधल्या १७ वर्षांमुळे? 'शॅल'चा वापर काळाबरोबर घटत गेला, हे १९९० च्या दशकात फ्रायबर्गमध्ये केलेल्या नव्या जोडीवरून, म्हणजे १९९१-९२ च्या मजकुरांवरून, स्पष्ट दिसलं. त्यामुळे नुसता फरक दाखवून भागत नाही. शिवाय काय-स्क्वेअर लावताना १० लाख शब्द म्हणजे १० लाख स्वतंत्र निरीक्षणं असं धरलं जातं. ती तशी नसतात. एखाद्या कायद्याच्या मजकुरात 'शॅल' पन्नास वेळा येतं आणि तो सगळा एकाच लेखणीचा प्रताप असतो. तुमचे खरे नमुने ५००. वायवामध्ये हा प्रश्न आला तर घाम फुटतो, म्हणून आत्ताच सांगते.

१९८८ मध्ये ग्रीनबॉमने 'इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश'ची हाक दिली, तेव्हा भारताचा भाग पुन्हा कोल्हापूरकडेच आला, बर्लिनच्या जोडीने. या वेळी ५०० पैकी ३०० मजकूर बोललेले. म्हणजे भारतीयांनी बोललेली इंग्रजी टेपवरून ऐकून, अडखळणं आणि मध्येच सोडलेली वाक्यं यांच्यासकट उतरवायची. लंडनच्या त्या खोलीतलंच काम, फक्त आता कान आपले आणि आवाजही आपले.

कोल्हापूर कॉर्पसचं मॅन्युअल इंटरनेटवर वाचायला मिळतं. पुढच्या वेळी आपण तिन्ही कॉर्पसमधल्या 'शॅल'च्या ओळी विभागवार लावून बघू आणि मजकूर हे एकक धरून चाचणी कशी करायची ते आकड्यांसकट करू. तोपर्यंत मॅन्युअलमधली १५ विभागांची यादी आणि प्रत्येकातली नमुन्यांची संख्या वहीत उतरवून ठेवा, ती लागणार आहे.