लेण्यांच्या वाटेवरचा बाजार

जांब समर्थच्या आपल्या बचत गटांत सहलीचा विषय निघाला की अजिंठा-वेरूळचं नाव हमखास येतं. सहलीहून परतलेल्या बाया मात्र लेण्यांपेक्षा तिथल्या विक्रेत्यांबद्दलच जास्त बोलतात. "ताई, नुसतं बघा तरी", "मावशी, बोहनी करून जा" असं म्हणत ते पाठ सोडत नाहीत. आठवड्याला थोडे थोडे करून साठवलेले पैसे अशा वेळी नको त्या वस्तूवर जातात. म्हणून हा बाजार तिथं कसा आला, ते आज पाहू.

लेणी डोंगरात कोरली, पण ती व्यापाराच्या वाटांपासून लांब नव्हती. आपलं पैठण तेव्हा प्रतिष्ठान नावाची मोठी पेठ होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक वर्णनात, पैठणहून गाड्या भरून मौल्यवान दगड भडोच बंदराकडे जात, अशी नोंद आहे. कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यात एका खांबावर पैठणच्या गांधिक कुळातल्या मितदेवाचं नाव कोरलेलं आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. तो खांब त्याचं दान. अजिंठ्याच्या 12 क्रमांकाच्या लेण्यातही एका व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. म्हणजे माल विकून मिळालेला पैसा या लेण्यांना पहिल्यापासून लागलेला आहे.

पुढं अजिंठा जंगलात झाकून गेला. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ही लेणी दिसली आणि त्यांचं नाव जगभर झालं. निजामाच्या राज्यात त्यांची डागडुजी झाली. 1983 मध्ये अजिंठा आणि वेरूळ दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आले. पर्यटक वाढले, तसं आसपासच्या गावांतल्या माणसांना पोटापाण्याचं साधन मिळालं. चित्रांची कार्डं, पुस्तकं, माळा आणि आपल्याच काळ्या दगडाच्या पोकळीत सापडणारे चकाकते स्फटिक ते विकू लागले.

प्राचीन वास्तूंचा कायदा 1958 चा आणि त्याचे नियम 1959 चे. संरक्षित वास्तूच्या आवारात परवान्याशिवाय माल विकायला, गिऱ्हाइकाला गळ घालायला किंवा पैसे घेऊन वास्तू दाखवत फिरायला मनाई आहे. पुढं जपानच्या कर्जातून झालेल्या विकास प्रकल्पात अजिंठ्याची दुकानं लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवर, फर्दापूरच्या फाट्यावर आली. आपली गाडी तिथंच थांबते, पुढं एसटीनं जावं लागतं. लेण्यांपाशी शांतता आली, पण फाट्यावर रेटारेटी वाढली. दुकानं अनेक आणि माल सारखाच. मग जो पहिला गाठेल त्याचं गिऱ्हाईक. म्हणून कुणी हातात छोटा दगड ठेवतो, "ही भेट घ्या, येताना माझ्याच दुकानात या" म्हणतो.

इजिप्तच्या पिरॅमिडपाशीही उंट-घोडेवाल्यांचं असंच आहे. तिथंही 2025 मध्ये पर्यटकांसाठी विजेच्या बस सुरू झाल्या आणि उंटवाल्यांना वेगळी जागा नेमून दिली. त्यावरून त्यांच्यात नाराजी झाली. जागा बदलली तरी पोटाचा प्रश्न तसाच राहतो.

मग आपण काय करायचं? घ्यायचं नसेल तर भाव विचारायचा नाही. वस्तू हातात घ्यायची नाही, फुकटची भेट तर नाहीच. "येताना बघू" म्हणायचं नाही, कारण तो ते वचन समजून वाट बघत बसतो. हसून एकदाच "नको, दादा" म्हणायचं आणि चालू लागायचं. घ्यायचंच असेल तर दोन-तीन दुकानांत भाव पाहायचा. वाटाड्या घेण्याआधी त्याचा परवाना पाहायचा. कुणी वाट अडवली तर सगळ्यांनी मिळून पहारेकऱ्याला सांगायचं.

आणि रामनवमीला आपल्या गावात किंवा गटांच्या प्रदर्शनात आपण पापड-शेवया घेऊन बसतो, तेव्हा आपणही विक्रेत्याच असतो. भाव पाटीवर लिहायचा, हाक एकदाच द्यायची. कुणी "नको" म्हटलं तर तोंड वाकडं करायचं नाही. नकार देता यावा तसा तो घेताही यायला हवा.