इन्क्युबेशन सेंटर: मुलानं सही करण्याआधी घरच्यांना काय माहीत हवं?

इंजिनिअरिंग झालेला मुलगा 'नोकरी नको, इन्क्युबेशनला जातो' म्हणाला की घरात दोन प्रश्न हमखास येतात. अब्बा विचारतात, पगार किती? अम्मी विचारते, व्याजाचं कर्ज काढावं लागेल का? पगार बहुतेक वेळा नसतोच. कर्जाचं उत्तर मात्र कागद वाचूनच द्यावं लागतं.

इन्क्युबेटर म्हणजे खरं तर अंडी उबवायचं यंत्र. 1959 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावी जोसेफ मॅनकुसो यांनी बंद पडलेल्या कारखान्यात गाळे पाडून ते छोट्या धंद्यांना भाड्यानं दिले. भाडेकरूंत एक कोंबड्यांची कंपनी होती, त्यावरून गमतीनं हे नाव पडलं. आपल्या लालबाग-परळच्या बंद गिरण्यांच्या वाट्याला मॉल आणि टॉवर आले, ते असो.

दादरहून चालत जाता येईल अशा अंतरावर माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. 1887 मध्ये स्थापन झालेली ही संस्था आधी भायखळ्याला होती, 1923 मध्ये माटुंग्याला आली. आज तिथे टेक्नॉलॉजी बिझनेस इन्क्युबेटर आहे. मुंबई विद्यापीठाचं केंद्र कलिना कॅम्पसवर आहे. पवईच्या आयआयटीत 'साइन' हे केंद्र 2004 पासून चालतं. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथेच वाढली आणि 2023 मध्ये शेअर बाजारात आली. कंपनी 2007 ची, म्हणजे मधे सोळा वर्षं गेली! दोन वर्षांत गाडी-बंगला होईल असं कुणी सांगत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा.

अशा केंद्रात बसायला टेबल, कंपनीला पत्ता, वकील-सीएचा सल्ला मिळतो. पण खरी कमाई प्रयोगशाळेची. लाखोंचं यंत्र विकत न घेता तासांच्या हिशेबानं वापरता येतं. नुसतं टेबलच हवं असेल तर इतकी धावपळ कशाला?

आता पैशाचं. केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेत नमुना बनवायला 10 लाखांपर्यंत अनुदान असतं. ते परत करायचं नसतं. 2021 च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडचा पैसा इन्क्युबेटरमार्फतच येतो, आणि त्याचे दोन भाग आहेत. कल्पना सिद्ध करायला 20 लाखांपर्यंत अनुदान, तेही टप्प्याटप्प्यानं. बाजारात उतरायला 50 लाखांपर्यंत मिळतात, पण हे अनुदान नव्हे. ही रक्कम कर्ज किंवा कर्जरोख्यांच्या रूपात येते. कर्ज विनातारण असतं, तरी रेपो दरापर्यंत व्याज लागू शकतं. 'सरकारी पैसा आहे, फुकटच असणार' या समजुतीत सही करू नये. ज्या घरांना व्याज टाळायचं आहे त्यांनी पहिल्या भागापुरताच अर्ज करावा. अर्ज सध्या सुरू आहेत का, तेही आधी पाहावं.

बरीच केंद्रं जागा आणि मदतीच्या बदल्यात कंपनीचे काही टक्के शेअर घेतात. भागीतला धंदा आपल्या लोकांना नवा नाही. धंदा बुडाला तर भागीदाराचंही बुडतं, त्यामुळे यात वावगं काही नाही. फक्त किती टक्के आणि कशाच्या बदल्यात, हे करारात स्पष्ट हवं.

जास्त घोळ होतो तो शोधाच्या मालकीवरून. कॉलेजच्या यंत्रावर, सरांच्या मार्गदर्शनाखाली बनलेल्या वस्तूवर संस्था हक्क सांगू शकते. मग स्वतःचीच वस्तू बनवायला मुलाला संस्थेकडून लायसन्स घ्यावं लागतं. पेटंटचा अर्ज करायच्या आधी वस्तू प्रदर्शनात मांडली किंवा तिच्यावर पेपर छापला तर पेटंटच धोक्यात येतं. स्टार्टअपसाठी ऑनलाइन अर्जाची मूळ फी 1,600 रुपये आहे, म्हणजे उशीर करायला फीचं कारण नाही.

मदनपुरा, नागपाड्यात ज्यांचे बॅगांचे, चामड्याचे कारखाने आहेत त्यांनी एक ध्यानात घ्यावं. एकट्याच्या नावावरची प्रोप्रायटरी फर्म सरकारी स्टार्टअप नोंदणीत बसत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. अब्बांचाच जुना धंदा नव्या नावानं दाखवला तरी चालत नाही. मुलाची वस्तू खरोखर नवी असेल तर त्याची कंपनी वेगळी काढावी आणि कारखान्याला तिचा पहिला गिऱ्हाईक होऊ द्यावं.

सीड फंडसाठी एका वेळी तीन इन्क्युबेटरकडे अर्ज करता येतो, फी लागत नाही. फॉर्म भरून देतो म्हणून हजारो रुपये मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच सलाम करावा.