गिट भांडाराची निगा

संगणक आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी ‘गिट’ ही प्रणाली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केली. बदललेल्या फाइलची प्रत्येक आवृत्ती गिट प्रथम स्वतंत्र नोंद म्हणून साठवते. अशा सुट्या नोंदी हजारोंनी साचल्या की भांडार फुगते आणि शोध मंदावतो. ‘गिट जीसी’ ही आज्ञा त्यांचे गठ्ठे बांधते. मिळत्याजुळत्या आवृत्त्यांमधील केवळ फरक ठेवल्याने जागा वाचते. सुट्या नोंदी सुमारे ६,७०० च्या वर किंवा गठ्ठे ५० हून अधिक झाले, की काही नेहमीच्या आज्ञांबरोबर ही आवराआवर आपोआप होते. २०२० मध्ये आलेल्या ‘गिट मेंटेनन्स’मुळे तिचे वेळापत्रकही लावता येते.

या सफाईत कोणत्याही शाखेशी संबंध न उरलेल्या नोंदी कायमच्या पुसल्या जातात. चुकून काढून टाकलेले काम मात्र त्यांतूनच परत मिळते. म्हणून ‘रेफलॉग’ ही रोजनिशी अशा कामाचा माग साधारणतः ३० दिवस ठेवते. दोन आठवडे न उलटलेल्या नोंदींनाही सहसा हात लागत नाही. जागेच्या हव्यासापोटी या मुदती शून्यावर आणल्यास परतीची वाट बंद होते.