बंद ठेवलेली वाट

दोन गावांमध्ये एकाऐवजी दोन रस्ते असले तर प्रवाशाची सोयच होते. एक पुराने वाहून गेला तरी दुसरा उपयोगी पडतो. संगणकांच्या जाळ्यात मात्र हा सरळ व्यवहार लागू पडत नाही. तेथे दोन वाटा एकाच वेळी उघड्या राहिल्या तर दोन्ही निकामी होतात, आणि म्हणून त्यांपैकी एक बुद्धिपुरस्सर बंद ठेवावी लागते.

इ. स. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ‘इथरनेट’ची कल्पना मांडली. एका तारेवर अनेक संगणक जोडावयाचे, एक बोलला म्हणजे सर्वांनी ऐकावयाचे, आणि ज्याच्या नावाचा संदेश असेल त्याने तो घ्यावयाचा, अशी ती योजना. पुढे अशा अनेक तारा एकमेकींस जोडण्यासाठी ‘ब्रिज’ नावाची पेटी निघाली. आज कचेऱ्यांतून दिसणारा स्विच हा तिचाच वंशज होय. (१९९० साली असा स्विच प्रथम बाजारात आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचे नाव ‘कल्पना’ होते, हे ऐकून मराठी माणसास कौतुक वाटेल.) कोणता संगणक कोणत्या दिशेस आहे, हे ही पेटी ऐकून ऐकून शिकते. परंतु सर्वांना उद्देशून आलेला संदेश ती, तो आला ते दार वगळून, बाकीच्या सर्व दारांनी बाहेर सोडते. ग्यानबाची मेख येथेच आहे. जाळ्यात कोठे वर्तुळ झाले तर तोच संदेश फिरून परत येतो, पुन्हा पुढे धाडला जातो, आणि किती मुक्काम झाले याची नोंद त्याच्यावर नसल्यामुळे त्या भ्रमणास अंत राहत नाही. दवंडीवाल्यांनी एकमेकांचीच दवंडी ऐकून ती पुन्हा पुन्हा पिटीत बसावे, तसा हा प्रकार.

यावर तोड काढली डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील रेडिया पर्लमन या विदुषीने. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधाच्या आरंभी तिने चक्क एक कविताच घातली. तिची युक्ती अशी: सर्व पेट्यांनी आपापसांत लहान लहान निरोप पाठवावे, ज्या पेटीचा क्रमांक सर्वांत लहान तिला ‘मूळ’ मानावे, प्रत्येकीने मुळाकडे जाणारी जवळची वाट उघडी ठेवावी, आणि ज्या वाटेने वर्तुळ होईल ती मिटून घ्यावी. अशा रीतीने जाळ्याचा वृक्ष होतो. वृक्षाच्या फांद्या परत एकमेकींस मिळत नाहीत. उघडी वाट तुटली तर मिटलेली आपोआप उघडते. १९९० मध्ये ही पद्धती प्रमाण म्हणून मान्य झाली.

माणसाने काहीही न करता सर्व जुळून यावे, हा तिचा गुण. आणि धोकाही त्यातच आहे. व्यवस्थापकाने हुकूम दिला नाही तर प्रत्येक स्विचचा अग्रक्रम ३२७६८ हाच राहतो. मग निवड होते ती कारखान्यात मिळालेल्या पत्त्यावरून, आणि एखाद्या कोपऱ्यात पडलेली जुनीपुराणी पेटीही राज्यावर बसू शकते. शिवाय निरोपांच्या ठरीव वेळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फार तर ७ पेट्या असतील, हे गृहीत धरून बांधलेल्या आहेत.

बोस्टन येथील बेथ इझरायल डीकनेस या रुग्णालयाचे जाळे असेच हळूहळू, जोडावर जोड देत वाढत गेले होते, आणि त्याचा एक भाग ही मर्यादा ओलांडून गेला होता. नोव्हेंबर २००२ मध्ये एका संशोधकाच्या कामामुळे माहितीचा प्रचंड लोंढा जाळ्यात शिरला. अशा गर्दीत पेट्यांचे निरोप वेळेवर पोहोचेनासे होतात; आणि मिटलेल्या दारास वीस सेकंद निरोप मिळाला नाही म्हणजे ते पलीकडची वाट मेली असे समजून उघडते. मेलेली तर कोणतीच वाट नसते! उघडलेल्या दाराने वर्तुळ पुरे होते, आणि संदेशांचा पूर येतो.

त्या रुग्णालयाचा कारभार जवळजवळ चार दिवस कागदावर चालला. तपासण्यांचे निकाल हातोहात पोहोचविणारी माणसे नेमावी लागली. कागदावर औषधयोजना लिहिण्याचा प्रसंग कित्येक तरुण डॉक्टरांवर पूर्वी कधी आलाच नव्हता. ती रीत वडीलधाऱ्या मंडळींनी त्यांना तेथल्या तेथे शिकविली. स्विच बनविणाऱ्या कंपनीचे तज्ज्ञ धावून आले. जाळ्याचा नकाशा हाती घेऊन एकेक भाग अलग करीत गेल्यावर कोठे तो ताळ्यावर आला.

रुग्णालयाच्या संगणकविभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनी हा सर्व प्रकार दडवून न ठेवता, आपल्या चुकांसह, जाहीरपणे सांगितला. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकातही त्यावर लेख आला. स्विचच्या मांडणीचा विषय डॉक्टरांच्या वाचनात आल्याचा असा योग विरळाच.